जुनी राजवट

मेलबर्नच्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये वेरिबीतल्या आमच्या घरी जेवणाचं टेबल म्हणजेच मुलीची शाळा झाली होती. एका रविवारी ती इतिहासाच्या पुस्तकातल्या एका फ्रेंच शब्दाशी अडली. "मम, हाउ डू यू ईव्हन से धिस?"

मलाही येईना. ठाण्याला बाबांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेला.

"आन्सियाँ रेजीम," बाबा खुलले. "म्हणजे जुनी राजवट. राज्यक्रांतीच्या आधीची सगळी घडी. राजा, सरदार, चर्च. आता कुठल्याही देशात आधीच्या सरकारला असं म्हणतात. पण गंमत बघ, ती चालू होती तेव्हा तिला कोणी जुनी म्हणत नव्हतं. मोडली, मग नाव पडलं."

"सो नोबडी रिअलाइझ्ड?"

"कोणालाच कळलं नाही गं."

लेक लिहायला लागली. मी भांडी घासायच्या निमित्ताने उठले. मला ठाण्याची गॅलरी आठवली. दर डिसेंबरात मी तिथे चहा घेऊन बसायचे आणि बाबा पेपरातले मथळे मोठ्याने वाचायचे. "मला वाचता येतं हो," मी वैतागून म्हणायचे. आता विमानं बंद होती, आणि तो आवाज ऐकायला माझा जीव तुटत होता.

त्यानंतर दर रविवारी आजोबांचा तास ठरला. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे.

भारतात दुसरी लाट आली, आणि एका रविवारी फोन शेजारच्या काकूंनी उचलला. बाबांना ऑक्सिजन लावला होता. मला इथून निघता येत नव्हतं. लेक न सांगता माझ्याजवळ येऊन झोपायला लागली.

बाबा वाचले. तास पुन्हा सुरू झाला, पण एका वाक्यात ते दोनदा थांबायचे.

सीमा उघडल्यावर आम्ही दोघी गेलो. दार त्यांनीच उघडलं. लेकीकडे मान वर करून बघतच राहिले. फोनवर त्यांना इतके दिवस तिचा फक्त चेहरा दिसला होता.

"एवढी उंच कधी झालीस?"

ती वाकली आणि त्यांच्या गळ्यात पडली. "आजोबा, मी आले," चक्क मराठीत म्हणाली. बाबांना दम लागला होता, तरी ते तिला सोडेनात. मी बॅगा उचलायच्या विसरून तशीच जिन्यात उभी राहिले.