फॉरवर्ड
पोह्यांवर पिळलेल्या लिंबाचा वास आला की मला राजुरीच्या घरातली ती दुपार आठवते. ताईला बघायला महाळुंगे पडवळहून पाव्हणे आले होते. पदर सावरून ती पाटावर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळं विचारून झालं आणि मुलाचा चुलता रीतीप्रमाणे म्हणाला, "पोरी, तुला काय इचारायचं आसंल तर इचार." यावर मुलीनं नुसती मान हलवून नाही म्हणायचं असतं, हे सगळ्यांना ठाऊक. ताईनं थेट मुलाकडं बघितलं. "तुमी दारू पिता का?" पोहे बशीतच राहिले आणि जीप निघून गेली. आई रडायला लागली. मी नुकताच ओतूरच्या कॉलेजात जायला लागलो होतो, तावातावानं ओरडलो, "लई फॉरवर्ड झालीयस तू!" तो शब्द घरात मीच आणला. महिनाभरात तो गावभर झाला, आणि "पोरगी फॉरवर्ड हाय" म्हणून पुढची दोन स्थळं उंबऱ्यापर्यंतही आली नाहीत. तिसरं आलं, तेव्हा काही विचारायचंय का म्हटल्यावर ताईनं खाली बघत मान हलवली. लग्न झालं. तो नवरा दारूनंच गेला. परवा माझ्या मुलीला बघायला आले होते, तिनं नेमका तोच प्रश्न केला. पाव्हणे खळखळून हसले. "पोरगी बोल्ड हाय राव, आवडली आपल्याला!" मी आत गेलो. ताई पोह्यांवर लिंबू पिळत होती, तिचा हात मधेच थांबलेला. हळूच म्हणाली, "आता चालतं व्हय रे हे?"