पेटीवरचं कार्ड

बाबांनी गाडी थांबवायला लावली तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात मारला. एप्रिलचं ऊन, मुकुटबनपासून तीन तास गाडी हाकून पाठ धरलेली, अमरावती अजून लांब. आणि बाभुळगावच्या थोडं अलीकडे एका बंद पडलेल्या शाळेवर पाटी: सैनिकी संग्रहालय.

"थांबव लेका. मले पाहाचं हाय."

बाबा सतरा वर्षं पलटणीत होते. बंदुकीवर नव्हे, लंगरात, म्हणजे सैन्याच्या स्वयंपाकघरात. त्यांना नाही कसं म्हणणार?

खरं सांगायचं तर मला कुठंच थांबायचं नव्हतं. मी खोटं बोलून त्यांना घेऊन चाललो होतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन होईस्तोवर चार महिने अमरावतीला माझ्याकडे चला, असं सांगितलं होतं. पण गावच्या घराची चाबी मी चुलतभावाच्या हातात देऊन बसलो होतो, आणि सोमवारी तो बायकापोरांसकट तिथं राहायला येणार होता. आई गेल्यापासून बाबा एकटे. दोनदा चक्कर येऊन अंगणात पडले. मी एकुलता एक, काय करायचं होतं मी? तरी हे त्यांना तोंडावर सांगायची हिंमत काही होईना. पांढरकवड्याला सांगू म्हटलं, यवतमाळला सांगू म्हटलं. यवतमाळ सोडलं आणि बायकोचा फोन आला, तोही स्पीकरवर. "ती पेटी आणू नका हो. दोन खोल्यांत माणसंच मावत नाहीत." मी घाईघाईनं बंद केला. बाबा मागच्या सीटवर आपल्या काळ्या पत्र्याच्या पेटीला टेकून डोळे मिटून होते. झोपले असतील, असं मी स्वतःला समजावलं.

संग्रहालय सांभाळणारे एक निवृत्त सुभेदार होते. आम्हाला पाहून त्यांना इतका आनंद झाला की मलाच लाज वाटली. "पाहा तुम्ही आरामात. मी आलोच दोन घास खाऊन," म्हणाले आणि गेले. बाहेरून कुलूप लागल्याचा आवाज आला. मी धावत दाराशी गेलो, हाका मारल्या. गडी वळणावरून दिसेनासा झालेला.

आता बोला! त्यांचा फोन नंबर दारावर ठळक रंगवलेला, पण बाहेरच्या बाजूनं. खिडकीला गज. डोक्यावर तापलेला पत्रा. बाहेर दोन बकऱ्या माझ्याकडे पाहून रवंथ करत होत्या. मी दार हलवलं, आरडलो, फोन हातात घेऊन भिंतीभिंतीनं रेंज शोधली. शर्ट अंगाला चिकटला. काळं कुत्रंही आलं नाही.

बाबांना काही फरक पडला नाही. ते एकेका टोपीपुढे, पट्ट्यापुढे, पाण्याच्या बाटलीपुढे उभे राहून खालचं कार्ड मोठ्यानं वाचत होते. कैलासवासी नाईक अमुक. कैलासवासी हवालदार तमुक.

"सारेच मेलेले हायेत इथं," ते म्हणाले. मग सगळी खोली फिरून आले. "अन् एकबी झारा नाही, पातेलं नाही. काहून बाप्पा, जवान उपाशीच लढले काय?"

मला हसू आलं. वाटलं, हीच वेळ आहे. त्यांना उठून जाता येत नाही, मलाही पळता येत नाही. सांगून टाक.

"बाबा."

"काय?"

"पाणी पिता का?"

त्यांनी बाटली घेतली, दोन घोट प्यायले. मग बाकावर बसून माझ्याकडे न पाहता विचारलं, "घराची चाबी कोनाजवळ देल्ली?"

"माझ्याजवळच आहे," मी म्हटलं.

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. पाऊण तास आम्ही दोघं त्या भट्टीत समोरासमोर बसलो. मी घड्याळ पाहत होतो आणि ते मला पाहत होते. गज वाकवून पळावं वाटलं. दार उघडल्यावर तरी हे संपणार होतं का?

सुभेदार धापा टाकत आले. "माफ करा भाऊ! बकऱ्या घुसतात म्हणून हात आपोआप कुलपाकडे जाते पाहा." मी चिडून काही बोलणार तेवढ्यात बाबा म्हणाले, "पेटी आन गाडीतून."

मी पेटी आणली. बाबांनी उघडली. वर इस्त्री मोडलेला जुना गणवेश, खाली हातभर लांब दांड्याचा झारा. सतरा वर्षं वापरलेला. "हे घ्या, पेटीसकट. तुमच्याकडं लंगर नाही."

सुभेदारांचे डोळे भरून आले. लगेच टेबलाशी बसून त्यांनी कार्ड काढलं, नाव विचारलं आणि सवयीनं आधी 'कैलासवासी' लिहून मोकळे झाले. मग स्वतःच जीभ चावली. "अरे देवा! काका, माफ करा, दुसरं लिहितो."

बाबांनी चष्मा लावून कार्ड पाहिलं. "आमच्या बौद्ध समाजात कैलासवासी नाही लिहत, साहेब. कालकथित लिहतात. तसं लिहा."

"पण तुम्ही तर जिवंत आहात ना काका!"

"राहू द्या. पुढं कामात येईल."

"बाबा, काहीतरीच काय?" मी म्हणालो. "चार महिन्यांनी वापस येणार आहात तुम्ही."

"वापस याचं असतं तं पेटी देल्ली असती काय मी?"

सुभेदार पेन धरून माझ्याकडे पाहू लागले. काय लिहू, असं विचारत होते. मला तेव्हा म्हणता आलं असतं की काही लिहू नका, आम्ही गावाला माघारी जातो. मी म्हटलं, "नुसतं नाव लिहा."

गाडीत बाबा पुन्हा मागेच बसले. त्यांच्या शेजारची सीट आता मोकळी होती. त्यांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला.

"पेटी गेली," ते म्हणाले. "आता मावतो ना मी तुमच्या घरात?"

मी गाडी सुरू केली. अमरावतीच्याच रस्त्याला लावली.