या महिन्याचा रस रूथचा

माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही, ही माझी जुनी तक्रार आहे. चौथी शिकलेली बाई, डबे करून देणारी, त्यात तोंडाने फाटकी. हिला सगळीकडे खोटच दिसते, असं म्हणून लोक मोकळे होतात. त्या रविवारी चर्चच्या दारात मी कळवळून सांगत होते, तरी एकानेही खरं मानलं नाही. आणि मग काय झालं ते सगळ्यांनी चाखलं!

पण ते शेवटी. चर्चचे किस्से म्हणजे पोटमाळ्यावरची भांडी. एक ओढायला जावं, तर चार डोक्यावर येतात.

माझी मुलगी रूथ नवऱ्याचं घर सोडून परळला माझ्याकडे परत आली. का सोडलं, ते तिच्या पाठीवर दिसत होतं, त्यामुळे मी विचारलं नाही. ती जेवायची, कामावर जायची, पण कोणाशी बोलायची नाही. एकदा म्हणाली, "मम्मी, मला चर्चला नको नेऊस. लोक बघतात." पोरीचं घर सुटलं, आता माणसंही सुटली तर उद्या माझ्यामागे हिला कोण? म्हणून मी चर्च शोधायला निघाले. स्थळं बघतात तशी!

*

पहिलं माझगावचं. जुनं, दगडी, बेंच असे चकचकीत की तोंड दिसावं. आम्ही दोघी बसतोय न बसतोय तोच एक बाई आल्या, खांद्याला बोट लावून म्हणाल्या, "उठा. ही आमच्या आजोबांची जागा आहे."

मी म्हटलं, "असं का? येऊ दे की आजोबांना, लगेच उठते."

बाईंनी भिंतीकडे बोट केलं. आजोबा संगमरवरात होते. खाली जन्म-मृत्यू, सगळं लिहिलेलं!

मी हसले. रूथ नाही हसली. ती उठून बाहेर गेली होती.

*

दुसरं दादरचं. हॉल, एसी, ड्रम, गिटार, दारात मिठ्या. म्हटलं, इथे जागेचं भांडण नाही, खुर्च्या प्लास्टिकच्या आहेत. तिथल्या एका बहिणीने प्रेमाने विचारलं, "प्रार्थनेसाठी काही विषय?" मी मूर्ख, तिच्या कानात सांगितलं. कानात!

पुढच्या रविवारी पास्टर माईकवर डोळे मिटून ओरडले, "प्रभू, आमच्या रूथ बहिणीचं मोडलेलं घर तू जोड!" सगळ्या माना वळल्या. रूथने ओढणीत तोंड लपवलं.

मी तरातरा पुढे गेले, दुसरा माईक उचलला, डोळे मिटले. "प्रभू, तिचं घर राहू दे बाजूला. आधी या माणसाचं तोंड शिव!"

ड्रमवाल्याने "आमेन" म्हटलं. सवयीने म्हणाला की मनापासून, देव जाणे.

घरी रूथ म्हणाली, "झालं तुझं? आता पुरे." तेवढंच. त्या आठवड्यात मला एकही पोळी धड गोल लाटता आली नाही.

*

तिसरं आमच्या मागच्या गल्लीतलं. बंद मिलच्या भिंतीला टेकलेलं, पत्र्याचं छप्पर. इतकं जवळ की मी त्याला चर्चच धरलं नव्हतं. रूथ कशीबशी तयार झाली, पण अटीवर: शेवटच्या बेंचवर, दाराजवळ. आणि पर्स खांद्यावरून काढायची नाही. केव्हाही उठता आलं पाहिजे.

पहिल्याच दिवशी मरियमबाई आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, काठी टेकत. "सलाम! लेक का? आणि जावई कुठंय?"

संपलं, मला वाटलं. रूथची पर्स खांद्यावर घट्ट झाली.

पुढच्या रविवारी म्हातारी पुन्हा हजर. हातात बरणी. रूथला म्हणाली, "गो, मी वाईट विचारलं त्या दिवशी. घरी गेल्यावर कळलं. मला विचारल्याबिगर राहवत नाही, तो माझा रोग आहे. घे, सुकटीची चटणी."

रूथ म्हणाली, "मी सुकट नाही खात."

"मग आईला दे. पण माफ कर."

एवढ्या चर्चांत फिरले, पण 'माफ कर' हा शब्द वेदी सोडून बेंचवर मी पहिल्यांदा ऐकला. चटणी खारट होती, ते वेगळं.

*

आमचे पाळकसाहेब भला माणूस, पण बायकोशी त्यांचं पटत नाही. एका रविवारी ते स्कूटरवरून आले आणि बाई मागून टॅक्सीने आल्या. टॅक्सीचं दार असं आपटलं की पहिलं गीत अर्ध्यात थांबलं. साहेब वर उभे राहिले, कागद उलटेपालटे केले, घाम पुसला. मग म्हणाले, "मंडळी, आजचा उपदेश प्रीतीवर होता. मला आज तो जमणार नाही. आपण गीतं गाऊ."

पाळकीणबाईंनी बाकावरून आवाज दिला, "फक्त तुम्ही गाऊ नका म्हणजे झालं!"

रूथ खाली बघत होती. तिचे खांदे हलत होते. रडते की काय म्हणून मी घाबरून वाकून बघितलं, तर ही हसत होती!

*

पण एक गोष्ट मला खटकायची. नाताळाच्या तयारीत पेटीचा भाता फाटला. मी विचारलं, "कोणी फाडला?"

सगळे एका सुरात, "इस्राएलकाका."

पंखा लावताना काच फुटली. कोणी फोडली? "इस्राएलकाका." चहात साखरेऐवजी मीठ पडलं. "इस्राएलकाका, दुसरं कोण!"

मी तापले. "हा माणूस आहे तरी कुठे? माझ्यासमोर आणा!"

"शिवडीला असतात," आमचे पंच दानिएलभाऊ म्हणाले.

"मग फोन करा, बोलवा!"

"बाई, शिवडीच्या दफनभूमीत."

नंतर मरियमबाईंनी उलगडून सांगितलं. इस्राएलकाका इथली घंटा वाजवायचे. चर्च एकदा भांडणात फुटायला आलं होतं, एका सतरंजीवर तेल कोणी सांडलं यावरून! मरताना काका म्हणाले, "माझ्यामागे एकमेकांची नावं घेऊन भांडू नका. मोडलं, सांडलं, माझ्यावर घाला. मी तिथेच असेन, देवाशी मिटवून घेईन."

मला नाही पटलं. मेलेल्याच्या आड लपायचं? वार्षिक सभेत मी उभी राहिले. "यापुढे चूक करणाऱ्याचं नाव मंडळीसमोर यायलाच पाहिजे!" दानिएलभाऊंना शिस्तीचा सोस, त्यांनी लगेच अनुमोदन दिलं. नियम झाला.

*

आता तो रविवार. आमच्याकडे प्रभुभोजनाचा रस, म्हणजे येशूच्या रक्ताची खूण म्हणून उपासनेत सगळे घोटभर पितात तो, करायची पाळी घरोघरी फिरते. काळ्या मनुका उकळायच्या, रस गाळायचा, बाटलीत भरून न्यायचा. मरियमबाईंनी सभेत जाहीर केलं, "या महिन्याचा रस रूथचा."

दानिएलभाऊ पुटपुटले, "नवऱ्याला सोडून आलेली... प्रभूच्या मेजाचं काम..." पाळकसाहेबांनी ऐकलं आणि म्हणाले, "रूथच करेल." तिने आदल्या दिवशी रस केला, चार वेळा गाळला. घरात गाणं गुणगुणली. सुख असं अचानक आलं की मला भीतीच वाटते.

सकाळी ती बाटली घेऊन पुढे गेली. मी सोलकढीसाठी फ्रिज उघडला. आत मनुकांचा रस. आणि मालवणहून आलेलं कोकमाचं खारट-आंबट आगळ गायब! दोन्ही सरबताच्या सारख्याच बाटल्यांत, दोन्ही काळे-लाल.

मी धावत सुटले. उपासना सुरू झाली होती. दारात दानिएलभाऊ. कानात सांगितलं, "पेल्यांत आगळ आहे, थांबवा!"

"रिबेकाबाई, स्वतःच्या मुलीच्या कामातही खोट? बसा."

दुसऱ्या सेवकाला सांगितलं. तो म्हणाला, "शूऽऽ." ओरडले असते, पण ओरडून नाव कोणाचं झालं असतं? बसले. तबक बेंचामागून बेंच सरकत आलं.

"सर्वांनी मिळून घ्या," पाळकसाहेब म्हणाले.

घेतलं! अख्ख्या चर्चचे डोळे एकदम मिटले, गाल आत गेले. पवित्र म्हणून थुंकताही येईना. पाळकसाहेबांच्या डोळ्यांतून पाणी आलं, लांबून बघणाऱ्याला वाटावं, किती भरून आलंय त्यांना. मरियमबाईंनी ओठ चाटले. "मालवणचं दिसतंय."

आशीर्वाद झाल्यावर दानिएलभाऊ ताडकन उठले. "हा मेजाचा अपमान आहे! नियम रिबेकाबाईंनीच केलाय. नाव मंडळीसमोर आलं पाहिजे. कोणाच्या हातून झालं?"

रस कोणाचा होता, हे कोणाला ठाऊक नव्हतं? तरी सगळे जमिनीकडे बघत राहिले. माझी जीभ टाळूला चिकटली. जन्मात पहिल्यांदा!

शेवटच्या बेंचवर रूथ उभी राहिली. पांढरीफटक. पर्स खांद्यावर. "पाळकसाहेब, मी..."

शेजारून मरियमबाईंनी पर्सचा पट्टा धरून तिला खाली बसवलं, पर्स काढून स्वतःच्या मांडीवर ठेवली आणि काठी आपटली.

"तू गप बस गो. दानिएल, नाव पाहिजे ना तुला? लिहून घे."

"सांगा."

"इस्राएलकाका!"