घाटात ओढणारी पुढची चाकं

भूतबित मी कधी मानलं नाही. आजही कोणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी विचारतो, किती घेतली होती? पण हे माझ्याच बाबतीत घडलंय... आणि त्या दिवशी मी फक्त चहा घेतला होता.

दुसरी मोठी लढाई नुकती संपलेली, वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात. वरूडला आमच्या संत्र्याच्या बागा. थोरल्या दादानं मिलिटरीच्या लिलावातली जीप घेतली होती. ती घरी ठेवून तो मेळघाटात सेमाडोहकडे लाकडाच्या ठेक्यावर गेला, आणि तिथंच तापानं पडला. निरोप आला तसा वहिनीला घेऊन मी निघालो.

जाताना उघाड होती. परतताना मात्र धो धो पाऊस, दादा मागं बेशुद्ध, आणि डॉक्टर थेट परतवाड्याला.

चढावर मागची चाकं जागीच फिरायला लागली. आम्ही काळ्या मातीतली माणसं — वाटेत चिखल झाला की गाडी कडेच्या गवतावर घालायची, हे अंगात मुरलेलं. मीही तेच केलं. पण इथं गवताखाली बांध नव्हता, दरी होती! कड खचली आणि मागचं डावं चाक हवेत लोंबायला लागलं.

वहिनी उडी मारून पुढं धावली आणि बंपर धरून ओढायला लागली.

"वहिनी, सरका! अंगावर येईल गाडी!"

"येऊ द्या! तुमी उतरू नका, भाऊजी. तुमी उतरले तं हे जातीन खाली!"

पुढच्या चाकांना जोर देणारा सीटजवळचा दांडा मी सगळी ताकद लावून ओढला. पुढची चाकं फिरली, चिखल उडाला, आणि जीप हळूहळू वर आली.

दादा वाचला. परतवाड्याच्या दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर आम्ही त्याला सगळं सांगितलं, तर तो म्हणाला,

"अबे, पुढच्या चाकायले फिरवते तो शाफ्ट तं म्या घरीच काढून ठेवला होता. आवाज करून राहिला होता लय. गोदामात पडला हाय."

"मंग माह्या लुगड्यावर चिखल कोनं उडवला?" वहिनी म्हणाली.

मी बाहेर जाऊन जीपखाली शिरलो. शाफ्टची जागा रिकामी होती.

वरूडला आल्यावर गोदामात तो सापडला, वर कोळ्याचं जाळं. दोन्ही हातांनी उचलला आणि मला रडूच कोसळलं. आम्हाला कोणी ओढलं, ते मला आजही सांगता येत नाही.