चूलबाईंची अर्धी चूल

विकास गटातून आमच्या हिवरखेडला आलेल्या ग्रामसेविकाबाई कधी दार वाजवत नसत. ओट्यावरूनच ओरडायच्या, "चूल पाहा लागते, सरकारी काम हाय!" आणि थेट स्वयंपाकघरात. घरोघरी बिनधुराच्या चुली घालायच्या, हे त्यांचं काम. गावानं त्यांना चूलबाईच करून टाकलं. हात असा सराईत, की आज माती कालवली की परवा चूल तयार.

आमची मात्र काही केल्या पुरी होईना. आज धुरांडं वाकडं, उद्या भेगा. बाई पदर खोचून बसायच्या आणि केलेलं हसत मोडायच्या. सासूबाई करवादायच्या, "साऱ्या गावाच्या झाल्या, आमचीच काहून रायली वं बाई?"

"तुमची मातीच लय हट्टी हाय, माय!"

माती कसली हट्टी! नवरा मला मारायचा, आणि अलीकडे "विहिरीत लोटतो" म्हणू लागला होता. मागच्या गल्लीतली एक सून तशीच विहिरीत सापडली होती. पाय घसरला म्हणून सगळे मोकळे झाले. माझ्या मानेवरचे वळ पाहून बाई एकदाच बोलल्या, "तिची चूल म्या झटक्यात करून देल्ली, पोरी. मंग त्या घरी जायले मले निमित्तच नाई उरलं." डोळे पुसताना गालाला माती लागली, तशाच पुन्हा मळू लागल्या.

एका संध्याकाळी नवऱ्यानं मला वेणीला धरून परसातल्या विहिरीकडे ओढलं. तेवढ्यात ओट्यावरून तीच हाक आली. सरकारी बाईसमोर त्याचा हात सुटला. बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "सूनबाई, माती आन," एवढंच म्हणाल्या.

साहेब तपासणीला आले, तेव्हा सगळ्यांदेखत त्यांनी बाईंची खरडपट्टी काढली. एवढी एक चूल जमत नाही? "मातीच हट्टी हाय, साहेब," बाई म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग त्यांची चांदूर बाजारला बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळीच आल्या, भराभर चूल लिंपली, धुरांडं बसवलं. झाली की हो चूल! आता या घरात कोण येणार?

बाई पदराला हात पुसत उठल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "सूनबाईले अकोटले तिच्या मायच्या घरी सोडून देतो. अडवाचं असन तं बाहेर पोलीसपाटील बसेल हायेत, त्यायले सांगा."

कोणी अडवलं नाही. अकोट येईपर्यंत एस.टी.त त्यांनी माझा हात धरून ठेवला होता. बोटांवरची माती वाळून माझ्या हाताला टोचत होती.

बाई वारल्या, त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्या चुलींवर गावानं किती भाकरी भाजल्या असतील! माझ्या चुलीवर मी एकही भाजली नाही, म्हणून आज हे सांगायला आहे.