आडनावाचा रकाना नसलेलं पेज

धर्मराजकाका ढोके बोलायला लागले की समोरच्याला कान पुढे करावा लागे, इतका त्यांचा आवाज हळू. अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या चँडलरच्या कॉम्प्युटर-चिपा बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षं मशिनींची देखभाल केली, पण वरिष्ठांपुढे कधी ब्र काढला नाही. असा माणूस एका वेबपेजसाठी हट्टाला पेटेल, हे कुणाला सांगून पटलं नसतं.

पेज साधंच होतं. महाराष्ट्रातून शिकायला येणाऱ्या मुलांनी त्यावर नाव, विमानाचा नंबर आणि उतरायची वेळ लिहायची. पेजमागचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी यादी पाहायचा आणि विमान उतरायच्या तासभर आधी, मुलांना आणायला जायची ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर मेसेज पाठवायचा. तो माणूस गाडी काढून विमानतळावर हजर. काकांनी पुस्तकं वाचून, चुकतमाकत हे जमवलं होतं आणि एका कंपनीच्या फुकट सर्व्हरवर ठेवलं होतं.

नाव म्हणजे नुसतं पहिलं नाव. आडनावाचा रकाना काकांनी मुद्दामच ठेवला नव्हता. नव्वद साली ते स्वतः आले, तेव्हा न्यायला आलेल्या गृहस्थांनी आडनाव विचारलं, गाव विचारलं, आणि उरलेल्या रस्त्यात रेडिओ लावला.

२००८च्या ऑगस्टमध्ये फुकटच्या सर्व्हरने रंग दाखवला. कंपनीचा नियम असा, की वीस मिनिटं पेज कुणी उघडलं नाही तर प्रोग्राम झोपवून टाकायचा. कुणी उघडलं की तो जागा होई. पण झोपेत मेसेज कसा धाडणार? एका मंगळवारी दुपारभर कुणीच फिरकलं नाही आणि चैत्राली नावाची मुलगी फिनिक्सच्या विमानतळावर दोन बॅगा धरून चार तास बसून राहिली.

दुसऱ्याच दिवशी तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी राजीव घरी आला. "काका, मंडळाच्या साइटवर शिफ्ट करू या ना. पेड सर्व्हर आहे, कधी झोपत नाही. फक्त आमचा फॉर्म वापरावा लागेल. पूर्ण नाव आणि इथल्या एका मेंबरचा रेफरन्स."

"पूर्ण नाव कशाला?"

"अहो, कोण येतंय ते कळायला नको?"

"विमान नंबरावरून सापडतं," काका म्हणाले. "आडनावावरून नाही."

"मग तुम्हीच पेड प्लॅन घ्या. महिन्याला दोन पिझ्झ्यांचा खर्च."

"घेतला तर ते माझं पेज होईल. मी थकलो की बंद. ते सगळ्यांचं राहू दे."

त्यांनी घरच्या कॉम्प्युटरवर दर पंधरा मिनिटांनी पेज उघडणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. चौथ्या दिवशी कंपनीची ईमेल आली: यंत्राकरवी पेज जागं ठेवणं नियमाबाहेर आहे, पुन्हा दिसलं तर खातं बंद. काकांनी अख्खी नियमावली छापून घेतली आणि पेन्सिलीने खुणा करत तीनदा वाचली. यंत्राला बंदी होती. माणसाला नव्हती.

आणि रिकाम्या माणसांना चँडलरमध्ये तोटा नव्हता. मुलांकडे सहा-सहा महिने राहायला आलेले आईबाप. गाडी चालवता येत नाही, बाहेर तापलेला तवा, मुलगा-सून ऑफिसात. रविवारी बुद्धवंदना आटोपल्यावर काकांनी अशा मंडळींना हळू आवाजात सगळं समजावलं.

"म्हणजे दर पंधरा मिनिटांनी टिचकी मारायची?" अमरावतीच्या रत्नामावशींनी विचारलं.

"एवढंच."

"कुकरच्या शिट्ट्या मोजतेच आहे. त्यात ही एक."

पुरुषोत्तमराव रेल्वेतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "धर्मराजभाऊ, मी स्टेशनमास्तर होतो. वेळापत्रक माझ्याकडे द्या आणि तुम्ही बाजूला व्हा. इथल्या रात्री नागपुरात दिवस असतो. माझा व्याही तिथे दिवसभर एकच पेपर वाचतो, त्याला लावतो कामाला."

सात घरांत पाळ्या लागल्या. तीन आठवडे प्रोग्रामचा डोळा लागला नाही. मग कंपनीची दुसरी ईमेल आली: इतक्या ठरल्या वेळी यंत्रच येतं, दोन दिवसांत खुलासा करा.

"मी म्हटलं होतं," राजीव म्हणाला. "आता सॉरी लिहा आणि मंडळाकडे या."

काकांना पत्र लिहायचं म्हणजे घाम फुटे. तरी ते बसले. 'रत्ना, वय त्रेसष्ट, सकाळी नऊ ते अकरा. सोमवारी एकोणीस मिनिटांचा खंड पडला, कारण भाजी करपली. पुरुषोत्तम, वय एकोणसत्तर. यांच्या पाळीत खंड पडत नाही, तरी हे यंत्र नाहीत. नियम आम्ही मोडलेला नाही. मोडला असेल तर कलम दाखवा.' कारखान्यातल्या प्रत्येक पत्राखाली ते तसदीबद्दल माफी मागत. या पत्राखाली त्यांनी फक्त सही केली.

दोन ओळींचं उत्तर आलं. खातं चालू राहील. नियम बदलायचा अधिकार कंपनीचा आहे.

राजीवने ते वाचलं. "बघा, पुढच्या महिन्यात बदलतील."

"बदलू दे. पुन्हा वाचीन."

"असं किती दिवस चालवणार, काका?"

काकांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी चष्मा वर करून मेसेज पाहिला. "कुशल नावाचा मुलगा पावणेसहाला उतरतोय. येतोस?"

"कोण कुशल? कुठला?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले आणि त्यांनी गाडीची किल्ली उचलली.