जीभ धरणारी चकती

बिरवाडीच्या कारखान्यात बॉयलरची राख मातीत मळून आम्ही सांडपाणी गाळायच्या चकत्या भाजायचो, तेव्हाचा तो भट्टीवाला. मी प्रयोगशाळेत, तो भट्टीवर. थंड झालेली प्रत्येक चकती तो जिभेला लावायचा. चिकटली की म्हणायचा, "धरते हाय." म्हणजे तिला बारीक छिद्रं पडलीत, पाणी झिरपेल. राख आहे ती, असं मी कितीदा ओरडले असेन. तो ऐकून घ्यायचा आणि पुढची उचलायचा.

एकदा गाळलेलं पाणी काचेसारखं नितळ निघालं. साहेबांना अहवाल द्यायला मी लगेच टाइपरायटरवर कागद चढवला. त्याने मात्र बादली उचलली आणि कुंपणापलीकडे चरणाऱ्या आपल्या म्हशीच्या नाकाशी नेऊन धरली. म्हैस फुरफुरली आणि मागे सरली.

"गढूळपणा गेलाय मॅडम, पण वास हाय. नदीत नका सोडू."

मी कागद ओढून काढला.

पुढे तो प्रयोग बंद पडला. एक चकती माझ्याकडे राहिली, टेबलावर कागद दाबायला. घरात कुणी नसलं की मी ती जिभेला लावते.

अजून धरते.